करदोड्याला बांधलेली चावी

गेल्या वर्षीच्या मे महिन्याची अठरा तारीख, सकाळचे साडेदहा. जागा, जळगावात हायवेच्या कडेचं एक टायरचं दुकान. रक्कम छत्तीस हजार रुपये. हजर माणसं चार: बियाण्यांचे व्यापारी असलेले एक शेठ, दुकानाचा मालक टायरवाला, आमचे मिस्तरी आणि मी. पैसे मिस्तरींनी दिले. ते त्यांनी का द्यावेत याचं एकही धड कारण मला त्या दिवशी दिसलं नाही, आजही दिसत नाही.

त्या सकाळी मिस्तरींनी आम्हा तिघांसमोर सदरा वर केला, कमरेच्या करदोड्याची गाठ सोडली आणि तिला बांधलेली एका गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली. बासष्ट वर्षांचा माणूस, पोटावर ग्रीसचे जुने डाग, आणि तो भर दुकानात सदरा धरून उभा. आम्ही तिघं खुर्च्यांवर. हे दृश्य आठवलं की माझा अजून संताप होतो. त्यातला थोडा माझ्यावरचाही आहे. तो कशासाठी, ते पुढे येईलच.

चावी करदोड्याला बांधणारा गॅरेजवाला तुम्ही पाहिला नसेल. मीही दुसरा पाहिलेला नाही.

मी जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर होतो. कापसाची गाडी भरलेली आली की वजन करायचं, रिकामी झाली की पुन्हा करायचं, दोन्हीतला फरक लिहायचा. सत्तावीस वर्षं हेच काम. घरची गाडी आहे तेरा वर्षांची, चांदीच्या रंगाची, छोटी. ती चालवते माझी बायको. ती पहूरला शाळेत शिक्षिका आहे, एका बाजूचे बेचाळीस किलोमीटर. गावातल्या गावात सोडलं तर मी चालवत नाही, पण गाडीची वही माझी. पेट्रोल किती भरलं, किती किलोमीटर झाली, कुठला भाग कधी बदलला, गॅरेजला कोण भेटलं, किती वाजले, सगळं त्यात.

त्या वहीनेच आमची मिस्तरींशी गाठ घातली. गाडी लिटरला सतरा किलोमीटर जायची, ती दोन महिन्यांत साडेतेरावर आली. मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे गार हवेत बसवून पाण्याची बाटली दिली आणि कागद पुढे केला. इंजिनचं काम, एकूण सेहेचाळीस हजार आठशे. मी विचारलं, इंजिन उघडून पाहिलं का? इस्त्रीच्या शर्टातला मुलगा म्हणाला, "सर, गाडी जुनी आहे." जणू जुनं असणं हाच बिघाड. मग उद्या माझ्या गुडघ्यालाही तेच सांगतील.

तिथून निघालो तो रागातच. कोणीतरी मिस्तरींचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, एक खड्डा, दोन जॅक. मी वही उघडून आकडे वाचायला लागलो. मिस्तरींनी हात वर करून मला थांबवलं.

"भाऊ, गाडी तुम्ही चालवता का?"

"नाही. ही चालवते."

"मग तुम्ही बसा. अक्का, तुम्ही सांगा."

माझ्या बायकोला गाडीविषयी पहिल्यांदाच कोणी काही विचारत होतं. तिला सुचेना. मग मिस्तरींनीच विचारलं, "रस्ता सपाट आहे, तुम्ही पाय काढून घेतला. गाडी पळत राहते का?"

"नाही हो, लगेच थांबते," ती कौतुकाने म्हणाली. "पूर्वी पळत सुटायची. आता कशी शहाण्यासारखी थांबते. मला तर बरंच वाटतं."

मिस्तरी एवढे हसले की त्यांना खोकला आला. मग ते गाडी घेऊन एक चक्कर मारून आले, ब्रेक न दाबता, हळूहळू आपोआप थांबू देत. उतरले, आणि चारही चाकांना एकेक करून उलट्या हाताने स्पर्श केला. मुलाचं कपाळ पाहतात तसा. डाव्या पुढच्या चाकापाशी हात झटकन मागे घेतला.

"हाई चाक तपेल शे."

ते मूळचे शिरपूरकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण गाडीविषयी खात्री झाली की अहिराणी यायची. आम्ही नंतर त्यावरूनच ओळखायला लागलो. 'असेल', 'वाटतं' असं म्हणत असले तर अजून शोधत आहेत. 'शे', म्हणजे 'आहे', आलं की सापडलं.

ब्रेक अडकून बसला होता. बायकोने पाय काढला तरी तो चाक सोडत नव्हता. गाडी दोन महिने ब्रेक लावून पहूरला जात होती आणि आम्ही तिच्या शहाणपणाचं कौतुक करत होतो. मिस्तरींनी चाक काढलं, गंजलेल्या दोन पिना घासल्या, ग्रीस लावलं. तीनशे रुपये. पुढच्या टाकीला सोळा पूर्णांक आठचा आकडा आला. मी वही नेऊन त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीच धरली, मान हलवली आणि परत दिली. चौथीपर्यंत शिकलेले होते, वाचता येत होतं. पण आकड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

"वही ठेवा भाऊ, पण आवाज पण लिहीत जा," म्हणाले. "किर्र, खडखड, घुं. ते लिहा. वजन करून ताप कळतो का कधी?"

मला राग आला. वजनाला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत. पण त्या दिवसापासून वहीत एक रकाना आवाजाचा आहे.

दुसऱ्यांदा गेलो ते गाडी सुरूच होत नव्हती म्हणून. किल्ली फिरवली की टक् असा एक आवाज, बस. शेजाऱ्यांनी सांगितलं बॅटरी गेली, बॅटरीवाल्याने सांगितलं स्टार्टर गेला. दोन्ही धरून अकरा हजार. मिस्तरी घरी आले, बॉनेट उघडलं आणि बायकोला म्हणाले, "अक्का, पाणी उकळा. चहाचं नाही, नुसतं." बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली होती. गरम पाणी ओतलं तशी ती फसफसून वाहून गेली. पट्टी घासली, आवळली, किल्ली फिरवली. सुरू. "आता चहाचं उकळा," म्हणाले. तेवढीच फी.

आणि मे महिन्यातलं ते रेडिएटरचं पाणी. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाड्या रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असतात. एका गृहस्थाच्या गाडीतून मिस्तरींनी पाणी काढलं ते ताकासारखं पांढरं. ते सहा महिने बोअरचं पाणी ओतत होते, कूलंटचे पैसे वाचवायला. मिस्तरींनी स्टीलचा पेला विसळला, त्यात ते पाणी भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"प्या."

"अहो, हे कसं पिणार?"

"मग तिला काय म्हणून पाजलं?"

गृहस्थ चिडून निघून गेले. दोन दिवसांनी परत आले. मिस्तरींची बरीच गिऱ्हाइकं अशी होती. चिडून जायची, परत यायची.

कारण त्यांचं खरं भांडण ब्रेकवरून असायचं. इंजिन धूर टाकतंय, दार लागत नाही, एसी गरम फेकतोय, काहीही असो, गाडी तशीच न्यायची तर न्या म्हणायचे. पण ब्रेकमध्ये दोष सापडला की चावी त्यांच्या करदोड्याला. मालकाने ओरडावं, धमकी द्यावी, काहीही करावं. चावी खिळ्यावर असती तर कोणी उचलली असती, खिशात असती तर ओढली असती. माणसाच्या करदोड्याला कोण हात घालणार? हे त्यांनी पुरतं ओळखलेलं होतं.

आमचीही चावी तिथे गेली आहे. बायकोच्या भाचीचं लग्न शिरपूरला, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. निघताना पुढून घासल्याचा आवाज येत होता म्हणून सकाळी आठला गाडी दाखवायला नेली. दहा मिनिटांत पुढे निघू म्हणून बायको पैठणी नेसून गाडीतच बसलेली. मिस्तरींनी चाक काढून पाहिलं.

"बठ्ठं ठीक शे, ब्रेक सोडीसन."

"मग ब्रेकचं उद्या करू," मी म्हणालो. "आता द्या."

"चावी नही भेटाव."

माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, गाडी माझी, कागद माझ्या नावावर, विमा मी भरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग झिजलेल्या ब्रेकची पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर मसाला म्हणून काही उरलाच नव्हता, नुसतं लोखंड लोखंडावर घासत होतं. ते पाहूनही मी भांडलो, हे कबूल करतो. बायको गाडीतून उतरली, पैठणी सावरत म्हणाली, "चला, बस बघू."

"लगीन लागी जाई तुम्हनाबिगर," मिस्तरी मला म्हणाले. मग तिला, "अक्का, तुम्ही पोचाल. पावणेनऊची धुळे गाडी आहे, तिथून शिरपूरची लगेच मिळते."

आम्ही एसटीने गेलो. अक्षता टाकून झाल्यावर पोहोचलो. पंगतीत मेहुणे प्रत्येक नातेवाइकाला सांगत होते, "यांची गाडी मिस्तरीने ठेवून घेतली हो, हे उधार ठेवतात वाटतं." मी परतीच्या वाटेवर ठरवलं, या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घ्यायला मीच गेलो. साडेआठशे रुपये.

आता शेठचं सांगतो.

चौदा मे. मी दुपारी आमच्या गाडीचं ऑइल बदलायला गेलो होतो. जिनिंगचा हंगाम संपलेला, मला सुट्टी. कडुनिंबाखाली शेठची मोठी पांढरी गाडी उभी होती. मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं, चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ आलेला. मिस्तरींनी तो शेठना बोट लावून दाखवला, माझ्या देखत. भाग भुसावळहून संध्याकाळी येणार होता. शेठना रावेरला एका व्यवहारासाठी जायचं होतं. त्यांनी हवं ते सगळं बोलून पाहिलं. चावी करदोड्याला गेली. शेठ पाय आपटत निघून गेले.

दोन वाजता मिस्तरी मागे घरी जेवायला गेले. दोन दहाला शेठ रिक्षातून उतरले. खिशातून दुसरी चावी काढली. घरी जाऊन आणली होती. माझ्याकडे पाहून हसले, ओठांवर बोट ठेवलं, गाडीत बसले आणि गेले. मी काय केलं? मी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. मला वाटलं, त्यांची गाडी, त्यांची चावी. मिस्तरी जेवून आले, रिकामी जागा पाहिली, मी घडलेलं सांगितलं. मग फोन लावला. शेठनी उचलला नाही. सात वेळा लावला. मी मोजत होतो.

रावेरच्या अलीकडे केळीने भरलेली एक ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती. एक मजूर मागून घड चढवत होता. शेठनी ब्रेक दाबला, पाय तळाला गेला, गाडी थांबली नाही. मजुराचा पाय मांडीखाली दोन ठिकाणी मोडला. शेठना खरचटलंही नाही.

शेठनी पोलीस टाळले. मजुराच्या बायकोला सांगितलं, खर्च सगळा होईल, तक्रार नको. आणि गावात सांगितलं की मिस्तरीने ब्रेक खोलून ठेवले आणि गाडी तशीच हातात दिली.

म्हणून अठरा तारखेला आम्ही टायरवाल्याकडे बसलो. टायरवाला दोघांच्या ओळखीचा, मध्यस्थ म्हणून. मला मिस्तरींनी बोलावलं होतं. "भाऊ होते तिथे. त्यांनी पाहिलं आहे," म्हणाले. दुसरं काही नाही.

शेठ त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. बोलताना सरळ एकेरीवर आले. "तू ब्रेकला हात लावला की नाही?"

"पाहिलं. मी ब्रेक खोलेल नही."

"मग गाडी दिली कशाला?"

तेव्हा मिस्तरींनी सदरा वर केला आणि चावी सोडून टेबलावर ठेवली. चार दिवस ती तिथेच होती. अंघोळीलाही सोडली नव्हती. शेठची चावी शेठना आपल्याच हाताने परत द्यायची, असा त्यांचा हिशेब.

शेठनी चावी बोटाने फिरवून पाहिली. "प्रत्येक गाडीला दोन चाव्या असतात. एक तुझ्याकडे राहिली, दुसरी तू मला दिली. यात काय सिद्ध झालं?"

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

या शेठचा कापूस आमच्याच जिनिंगला येतो. आमच्या मालकांसोबत त्यांचं बसणं-उठणं आहे. माझी नेमणूक दर हंगामाला नव्याने होते. हे सगळं माझ्या डोक्यातून किती वेळात गेलं ते सांगता येणार नाही, पण गेलं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

मिस्तरी माझ्याकडे फार वेळ पाहत राहिले नाहीत. रागावलेही नाहीत. टेबलाकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या. त्या माणसाच्या ऑपरेशनला किती लागतात?"

शेठ म्हणाले, त्याला छत्तीस लागतील, बाकी मी पाहतो.

"मी देतो. पण ते त्याच्या पायालाच गेले पाहिजेत."

"त्यालाच जाणार. मी खाणार आहे का?"

मला राहवलं नाही. बाहेर येऊन मी त्यांना म्हटलं, तुमचा काही दोष नसताना पैसे का देता? मी हे विचारावं याची लाज तेव्हाही वाटली. ते म्हणाले, "माझं चुकलं भाऊ. बॅटरीची वायर काढून मग जेवायला जायला पाहिजे होतं. दुसरी चावी असते हे मला काय माहीत नव्हतं?"

एवढ्यासाठी छत्तीस हजार! ज्याने पाय मोडला त्याचा काही दोष नाही, ज्याने पाहिलं त्याचं लक्ष नाही, आणि ज्याने वायर काढली नाही तो पैसे देतो.

मिस्तरींनी घरून पैसे आणले, आम्ही ते टेबलावर मोजले. पण पैशाने भागलं नाही. शेठनी कागद तयार आणला होता. त्यात लिहिलं होतं, 'ब्रेकचे काम करताना माझ्याकडून चूक झाली, त्याची भरपाई म्हणून रक्कम देत आहे.' मिस्तरींनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. "हे मी केलेलं नाही," म्हणाले.

"अरे, कागदाला काहीतरी कारण लिहावं लागतं," शेठ म्हणाले. "लिहायची पद्धत असते ती."

मिस्तरींनी सही केली. टायरवाल्याने साक्षीदार म्हणून केली. दुसऱ्या दिवशी त्या कागदाचा फोटो निम्म्या जळगावच्या मोबाईलवर होता. 'ब्रेकचे काम करताना माझ्याकडून चूक झाली.' ज्या माणसाने ब्रेकपायी लोकांची लग्नं चुकवली, त्याच्या सहीने.

गिऱ्हाइकं यायची बंद झाली. चिडून जाणारी परत यायची, पण ही चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. पत्र्याच्या शेडमध्ये जून महिन्यात मी चारदा गेलो. प्रत्येक वेळी मिस्तरी खड्ड्याच्या काठावर एकटे बसलेले. माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे. गाडीचा आवाज विचारायचे. एकदाही तो विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर मला सोपं गेलं असतं. जुलैच्या शेवटी जॅक विकले आणि ते सुरतेला मुलीकडे निघून गेले. शेडच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात.

नोव्हेंबरमध्ये आमची गाडी पुन्हा ओढेनाशी झाली. मी तिला मुकाट सर्व्हिस सेंटरला नेली. क्लच आणि इंजिन मिळून एक्केचाळीस हजार तीनशे. घरी आलो तर बायको म्हणाली, थांबा. तिने अंगणात आलेल्या गाडीच्या चाकांना उलट्या हाताने स्पर्श केला. पुढचं डावं चाक. मग ते आधी कधी ग्रीस केलं होतं ते पाहायला तिने वही उघडली. मागे जाता जाता चौदा मेच्या पानावर थांबली.

"हे तुम्ही लिहिलंय? 'दु. २.१०. शेठ स्वतःच्या चावीने गाडी घेऊन गेले. मिस्तरी जेवायला.'"

"हो."

"मग टायरवाल्याकडे काय सांगितलं होतं?"

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तेव्हा सांगितलं.

"लक्ष नव्हतं म्हणालात?" ती म्हणाली. "मिनिटासकट लिहिलंय! तुमचं लक्ष नसतं तर कुणाचं असतं?" थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आणि त्या माणसाला पैसे तरी मिळाले का, ते विचारलं का कुणी?"

सत्तावीस वर्षं मी प्रत्येक गाडीचं वजन दोनदा केलं आहे. भरलेली एकदा, रिकामी एकदा. हे पैसे आम्ही एकदाच मोजले होते, निघताना. पोहोचल्यावर कोणी मोजलेच नव्हते.

पुढच्या रविवारी रावेरला गेलो. मजूर सापडायला वेळ लागला नाही. पायात सळई घातलेली. केळीचे घड उचलणं संपलं होतं. आता एका पॅकिंगच्या शेडमध्ये बसून केळी धुतो, मजुरी निम्मी. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, पैसे किती मिळाले?

"नऊ हजार."

"छत्तीस नाही?"

"नऊ. शेठनी स्वतः आणून दिले." मग म्हणाला, "शेठ म्हणाले, मिस्तरी लई चिकट निघाला, एवढेच सोडले त्याने."

बाकी ऑपरेशन त्याने बायकोची पोत मोडून आणि मुकादमाकडून उचल घेऊन केलं होतं. शेठच्या गाडीला मात्र नवं बंपर आणि नवं बॉनेट बसलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

मी तिथून सरळ टायरवाल्याकडे आलो. सगळं सांगितलं, मी काय खोटं बोललो तेही. टायरवाला बसूनच ऐकत होता. 'नऊ हजार' ऐकल्यावर उभा राहिला. शेठना फोन करून त्याने फक्त "दुकानावर या" एवढं म्हटलं.

शेठ आले. दुकानात टायर बसवायला आलेली आठ-दहा माणसं होती. मी वहीचं पान मोठ्याने वाचलं.

"तू अजून जिनिंगलाच आहेस ना?" शेठनी विचारलं.

"हो. काट्यावर."

"आठवण असू दे."

टायरवाला मध्ये पडला. "त्यांचं नंतर बघा शेठ. त्या कागदावर सही माझी आहे. माझ्या सहीखाली तुम्ही गरिबाच्या पायाचे सत्तावीस हजार बंपरला लावले?"

"हिशोबात राहून गेलं असेल."

"मग काढा हिशोबातून."

टायर बसवणारी माणसंही काम थांबवून पाहत होती. शेठनी दोन दिवसांची मुदत मागितली आणि ती पाळली. पैसे टायरवाल्याकडे आले. पण मी दुसरीही एक मागणी केली होती. मिस्तरींची चूक नव्हती असा कागद लिहून द्या, पहिला फिरवला तसाच फिरवा. शेठ म्हणाले, "पैसे दिले. कागद नाही देणार." तो त्यांनी आजपर्यंत दिलेला नाही. म्हणून हे सगळं मी इथे लिहिलं आहे. मिस्तरींनी तो ब्रेक खोलला नव्हता. गाडी त्यांनी दिली नव्हती. मी तिथे होतो आणि माझं पूर्ण लक्ष होतं.

डिसेंबरपासून मला काट्यावरून हलवून गोदामात पाठवलं आहे. तिथेही मोजायचंच काम आहे.

सुरतेला फोन लावला तेव्हा मिस्तरींनी उचलायला बराच वेळ घेतला. एका सोसायटीच्या फाटकावर बसतात. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते.

"त्याना पाय कसा शे?" त्यांनी विचारलं.

"काठी घेऊन चालतो."

"हां." मग म्हणाले, "आणि भाऊ, शेठच्या गाडीचं मागच्या ब्रेकचं ते गळकं सिलिंडर बदललं का?"

"मला काय माहीत?"

"विचारा ना. त्याने बंपर बदललं असेल, ते तसंच असेल. तो पुन्हा रावेरला जाईल."

मी म्हटलं, तुम्ही जळगावला परत या, आम्ही चारचौघं सांगू लोकांना. ते म्हणाले, "सांगा," पण येतो म्हणाले नाहीत.

सिलिंडरचं मी शेठना विचारलं. त्यांनी माझा फोन कापला.

चार डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता, रावेरला त्या मजुराच्या घरी सत्तावीस हजार रुपये त्याच्या हातात दिले. पाचशेच्या चोपन्न नोटा. हजर होते तो, त्याची बायको, टायरवाला आणि मी. आधी त्याच्या बायकोने मोजले, मग टायरवाल्याने, मग मी. मिस्तरींना कोणीही काहीही दिलेलं नाही.